‘काही नाही’ हे उत्तर नव्हे

आपल्याकडे सगळ्यात जास्त लिहून दिलं जाणारं औषध कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, ‘टेन्शन घेऊ नका’. हे औषध डॉक्टर देतात, सासरचे देतात, स्टाफरूममधले सहकारी देतात, मोहल्ल्यातले मौलाना देतात. त्याला पैसे पडत नाहीत आणि ते दिलं की देणाऱ्याची जबाबदारी तिथेच संपते. हा लेख त्या औषधाविरुद्ध आहे.

माझी तक्रार सांगायला सोपी आहे. गेली पावणेदोन वर्षं माझ्या अंगातले स्नायू आपोआप उडतात. कधी डावी पोटरी, कधी पापणी, कधी अंगठ्याखालचा मांसल भाग. दुखत नाही. पण कातडीखाली काहीतरी वळवळतंय असं दिसतं, आणि रात्री पाठ टेकली की जास्त जाणवतं. तपासण्या झाल्या, सगळ्या स्वच्छ आल्या. तेव्हापासून प्रत्येकजण मला एकच सांगतो, ‘काही नाही’.

माझं म्हणणं आहे की काहीतरी आहे. ते धोक्याचं नाही, पण आहे. त्याला नाव आहे, ते कसं घडतं हे माहीत आहे, पुढे काय होतं आणि काय होत नाही हेही माहीत आहे. हे सगळं मराठीत सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मला कुणी दिली नाहीत, म्हणून आधी तेच सांगते.

आपल्या शरीरात एकेका चेतातंतूच्या ताब्यात स्नायूच्या धाग्यांची एकेक जुडी असते. मेंदूचा हुकूम आला की तंतू ती जुडी ओढतो. कधी कधी हुकूम नसतानाच तंतू स्वतःहून ठिणगी टाकतो आणि ती जुडी क्षणभर आकसते. याला फॅसिक्युलेशन म्हणतात. आपण त्याला मांस उडणं म्हणतो, पापणीला झालं तर डोळा लवणं म्हणतो. जागरण, थकवा, फार चहा-कॉफी, अंगमेहनत, काळजी, दम्याची काही औषधं, थायरॉइड वाढणं, रक्तातलं मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम कमी होणं, यांपैकी कशानेही ते वाढू शकतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. महिनोन्‌महिने चाललं आणि तपासणीत दुसरं काही निघालं नाही, तर त्याला बिनाइन फॅसिक्युलेशन सिंड्रोम म्हणतात. बिनाइन म्हणजे निरुपद्रवी.

मग भीती कशाची? भीती मोटर न्यूरॉन डिसीज नावाच्या आजाराची. या आजारात स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. हात जातात, पाय जातात, जीभ जाते, गिळणं जातं, शेवटी श्वास जातो, आणि बहुतेकांची बुद्धी बराच काळ शाबूत राहते. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८६९ साली त्याचं वर्णन केलं. आजही तो बरा होत नाही. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो झाला आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण ते अपवाद होते. बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात. आणि या आजारातही स्नायू उडतात.

हा एवढा एक धागा पुरतो. ज्याचं मांस उडतं त्याने हे एकदा वाचलं की त्याचं सगळं शरीर परीक्षेचा हॉल होतं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते आणि वरच्या वर्गांना उर्दूही. माझी रोजीरोटी जिभेवर आहे. मराठीच्या तासाला ‘ळ’ नीट उमटतोय का, उर्दूच्या तासाला क़ाफ घशातून येतोय का, हे मी महिनोन्‌महिने तपासत होते. भाकरी थापताना डावा हात उजव्याइतका चालतो का, टाचांवर चालता येतं का, चवड्यांवर उभं राहता येतं का, कुर्त्याची बटणं किती वेळात लागतात. मुलगी बारावीला होती. तिच्या परीक्षेपर्यंत मला बोलता येईल का, असा हिशेब मी मनात घालत असे. ही भीती ज्याने भोगली नाही त्याला ती हास्यास्पद वाटेल. भोगली त्याला वाटणार नाही.

आता डॉक्टरांकडे येते. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं दिली. पुढच्या महिन्यात कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या महिन्यात म्हणाले, ‘वय झालं, बायकांचं असं होतंच.’ मग पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. चार तास बाकड्यावर बसलो. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, हातापायांची ताकद पाहिली, स्नायूत सुई घालून करायची ईएमजी तपासणी करून घेतली. तपासणी चांगली झाली, याबद्दल माझी तक्रार नाही. रिपोर्ट पाहून ते माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, ‘सगळं नॉर्मल आहे, काही नाही, त्यांना टेन्शन घेऊ देऊ नका.’ मी समोरच बसले होते. पोटरी माझी होती. पुढचा पेशंट आत आला.

तो दिलासा स्वारगेटपर्यंत टिकला. एसटीत बसले आणि पोटरी पुन्हा उडाली. काही नाही, तर मग हे काय आहे? रिपोर्ट चुकला असेल का? सुई पोटरीत घातली, पापणीचं काय? आत्ता नाही, पण सहा महिन्यांनी होईल का?

बी.एड.ला आम्हाला एक गोष्ट पहिल्या सत्रातच शिकवतात. मुलाच्या उत्तरावर लाल फुली मारली म्हणजे शिकवणं झालं नाही. ते का चुकलं आणि बरोबर काय, हे सांगेपर्यंत शिक्षकाचं काम पुरं होत नाही. ‘तुम्हाला तो आजार नाही’ ही फुली आहे. ‘तुम्हाला हे आहे, ते असं होतं, आणि ते त्या आजारात बदलत नाही, कारण असं असं’ हे शिकवणं आहे. पहिल्यावर डॉक्टर थांबले, दुसरं माझं मला शोधावं लागलं.

आणि दुसरं सांगायला भरपूर होतं. १९६३ साली अमेरिकेत वैद्यकीय क्षेत्रात काम करणाऱ्या ५३९ निरोगी माणसांना विचारलं गेलं, तेव्हा सुमारे ७० टक्क्यांनी आपले स्नायू कधी ना कधी उडतात असं सांगितलं. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा १२१ रुग्णांचा २ ते ३२ वर्षं पाठपुरावा केला आणि १९९३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झाला नाही. एकालाही. हे वाक्य मला पुण्याच्या त्या खोलीत ऐकायला मिळालं असतं तर माझी किती रात्रींची झोप वाचली असती!

तिसरी गोष्ट याहून सोपी. मोटर न्यूरॉन डिसीजचा रुग्ण सहसा ‘माझं मांस उडतं’ म्हणून डॉक्टरकडे जात नाही. तो जातो कारण कुलपात किल्ली फिरत नाही, पाऊल घसटतं, चप्पल पायातून निसटते, शब्द जड येतात, पाणी पिताना ठसका लागतो. तिथे ताकद जाते, स्नायू वाळतो, हातोडीच्या तपासणीत फरक दिसतो. नुसती फडफड आहे, ताकद शाबूत आहे आणि तज्ज्ञाच्या तपासणीत काही निघालं नाही, तर तो वेगळा रस्ता आहे. शिवाय तो आजार दुर्मीळ आहे. पाश्चात्त्य देशांत वर्षाला लाखामागे साधारण दोन नवे रुग्ण सापडतात. फडफड मात्र घरोघरी आहे.

डॉक्टर म्हणतील, वेळ कुठे आहे? खरं आहे, वेळ नाही. २०१७ साली ६७ देशांतल्या डॉक्टरांच्या वेळेचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या साध्या दवाखान्यात रुग्णाला मिळणारा वेळ साधारण दोन मिनिटं निघाला, स्वीडनमध्ये बावीस. दोन मिनिटांत कुणी काय समजावणार? पण मग अर्धं पान छापून द्या. मधुमेहाच्या रुग्णाला काय खावं, काय खाऊ नये याचा कागद मिळतोच की नाही? तसाच कागद याचाही द्या, मराठीत द्या, जमलं तर उर्दूत द्या. भाषांतर मी फुकट करून देते. वेळेची सबब कागदाला लागू होत नाही.

‘इंटरनेटवर वाचू नका’ हा उपदेश तर मला मुळीच मान्य नाही. उपाशी माणसाला घरात जेवण न देता ‘बाहेरचं खाऊ नको’ म्हणण्यासारखं ते आहे. तुम्ही सांगितलं नाही म्हणून मी वाचलं. रात्री दोन वाजता तुमचा दवाखाना बंद असतो, मोबाइल चालू असतो. तिथे खरी माहिती आणि जिवाचा थरकाप उडवणाऱ्या कहाण्या एकाच रांगेत येतात, कुणाला पुढे ठेवायचं हे यंत्र ठरवतं. त्या यंत्राच्या हवाली रुग्णाला करतो तो न बोलणारा डॉक्टर. दोष रुग्णाला लावू नका.

आता आपल्या घरात येते, कारण तिथलं दुखणं जास्त जुनं आहे.

माझ्या खालांनी पहिल्या आठवड्यातच निदान केलं, ‘असर आहे.’ नणंदेने नजर उतरवली. दोघींची माया खरी आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते आमिल म्हणवणाऱ्या धंदेवाल्यांशी. आमच्याकडे एकाने नुसतं ऐकून सांगितलं की अंगात कुठेतरी ‘बंदिश’ आहे, एकवीस दिवसांचं काम, साडेपाच हजार. हातोडी नाही, सुई नाही, प्रश्नही नाही. पण एक गोष्ट मान्य करायलाच हवी. त्याने नाव दिलं, कारण सांगितलं, मुदत सांगितली. डॉक्टरांनी जी जागा रिकामी सोडली तिथेच तो आपली गादी टाकून बसला. माणूस आमिलाकडे अडाणी म्हणून जात नाही. त्याला उत्तर हवं असतं, आणि खोटं का होईना, ते तिथे मिळतं.

यात गंमत अशी की आपल्या परंपरेत दोन्ही रस्ते शेकडो वर्षांपासून शेजारी शेजारी आहेत. अरबीत स्नायू उडण्याला इख़्तिलाज म्हणतात. उर्दूत छातीच्या धडधडीला इख़्तिलाज-ए-क़ल्ब म्हणतो तोच शब्द. इब्न सिनांच्या ‘अल-क़ानून’मध्ये इख़्तिलाजचा विचार शरीराचा विकार म्हणून केलेला आहे. आणि त्याच शब्दावर उभं असलेलं एक शकुनशास्त्रही होतं, इल्म-उल-इख़्तिलाज. कोणता अवयव फडकला तर काय घडेल, याच्या याद्या त्यात असत. आपले हिंदू शेजारी उजवा डोळा, डावा डोळा करतात, आपणही केलं. मग आपण वारसा कुणाचा सांगायचा? भाषणांत आपण इब्न सिनांचं नाव मोठ्या अभिमानाने घेतो, आणि घरी कुणाची पोटरी फडकली की याद्यावाल्याकडे जातो.

याहून मला जास्त लागतं ते दुसरं वाक्य, ‘ईमान कमजोर आहे.’ मृत्यूची भीती वाटते म्हणजे अल्लाहवर भरवसा नाही, असा निवाडा लोक चहा पिता पिता देऊन टाकतात. मी पाच वक्त नमाज पढते. दुआने मला आधार मिळतो, सजद्यात कपाळ टेकलं की पोटरी उडत असतानाही मन थोडं थांबतं. पण भीती हा गुन्हा नाही. बद्दूंनी विचारलं की औषधोपचार करावा का, तेव्हा हजरत पैगंबरांनी (स.) करावा असंच सांगितल्याची रिवायत मशहूर आहे. उपचार भरवशाच्या विरोधात असता तर उत्तर वेगळं आलं असतं. दहाव्या शतकात वारलेले अबू ज़ैद अल-बल्ख़ी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एक सबंध किताब लिहिली. भीती, घबराट, उदासी, वसवसा यांना त्यांनी ईमानाची परीक्षा न मानता आजारासारखं हाताळलं. शरीर बिघडलं की मन बिघडतं आणि मन बिघडलं की शरीर, हे त्यांनी लिहून ठेवलं. बरं असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे घबराट आली की ते कामी येतील, असा सल्लाही दिला. आपण हजार वर्षांनी ‘ईमान कमजोर’वर येऊन थांबलोय.

ज्यांना भीती हा अज्ञानाचा परिणाम वाटतो त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. स्नायू उडतात म्हणून घाबरून जाणाऱ्यांत स्वतः डॉक्टर आणि वैद्यकीयचे विद्यार्थी इतके असतात की २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन मेंदूविकारतज्ज्ञांनी डॉक्टरांच्या या घबराटीला वेगळं नावच दिलं. जो हा आजार पुस्तकातून शिकला तोही घाबरतो. मग एखादी बाई घाबरली तर तिला ‘वेडी’ का म्हणायचं?

एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवर अजूनही रंगवलेलं असतं, ‘नसों की कमज़ोरी, शर्तिया इलाज’. १९५४च्या चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात अशा कमजोरीचं आणि लकव्याचं नाव यादीत आहे, म्हणजे या जाहिराती बेकायदा आहेत. २०१३ सालचा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर आलेला. कायदे आहेत आणि भिंतीही रंगलेल्या आहेत.

हे सगळं नुसत्या पैशांपुरतं असतं तर मी गप्प बसले असते. आमच्या दूरच्या नात्यातला एक टेम्पोचालक आहे. त्याचाही हात उडायचा, पण त्याची पकडही सुटत होती, तळहाताचं मांस वाळत होतं. घरच्यांनी त्याला वर्षभर धागे बांधले. शेवटी तपासणीत मानेच्या मणक्यात नस दाबली गेल्याचं निघालं. ऑपरेशन झालं, पण वर्ष गेलं ते गेलंच. आज तो गिअर टाकतो, शर्टाचं बटण मात्र त्याची बायको लावते. मला लागला तो ‘काही नाही’ आणि त्याला लागला तो ‘असर आहे’, दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. समोरच्या माणसाकडे कुणी नीट पाहिलं नाही.

म्हणून उलटी बाजूही स्पष्ट सांगते. फडफडीसोबत ताकद कमी होत असेल, एखादा स्नायू बारीक होत असेल, बोलणं किंवा गिळणं बदललं असेल, तर वाट पाहू नका, मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. शेतात फवारणी केल्यावर अंग उडायला लागलं, घाम आला, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांपुढे धूसर झालं, तर ती विषबाधा असू शकते, तडक दवाखान्यात न्या. ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशकं नेमकी असंच करतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण इतक्या लवकर विसरू नये. तिथे ‘काही नाही’ म्हणणं म्हणजे माणूस घालवणं.

शेवटचा मुद्दा मनाचा. तपासण्या स्वच्छ आल्या की पुढचं वाक्य येतं, ‘मग मानसिक असेल’, आणि ते अशा सुरात येतं जणू चोरी पकडली. माझी पोटरी खरोखर उडते, कुणीही येऊन बघावं. आणि माझी भीतीही खरी आहे. एक खरं ठरवण्यासाठी दुसरं खोटं ठरवायची गरज नाही. भीतीने झोप जाते, झोप गेली की स्नायू जास्त उडतात, ते उडाले की भीती वाढते. हे चक्र तोडायला औषधं आहेत, समुपदेशन आहे, पुन्हा पुन्हा स्वतःला तपासत राहण्याची सवय सोडवण्याच्या पद्धती आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे मी बुरख्याआडून लपत गेले नाही, दिवसाढवळ्या गेले. फडफड अजून आहे. ‘ळ’ तपासणं थांबलंय. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की मनाच्या आजाराला विम्यात शरीराच्या आजारासारखंच वागवलं पाहिजे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट आणि मराठीतून बोलता येतं. कायद्याने जे मान्य केलं ते आपल्या दिवाणखान्यात अजून मान्य नाही.

तेव्हा मागणी करते. डॉक्टरांनी ‘काही नाही’ हे दोन शब्द सोडावेत आणि जे आहे त्याचं नाव सांगावं, तेही रुग्णाकडे बघून, तिच्या नवऱ्याकडे नव्हे. इमाम साहेबांनी एखाद्या जुम्याच्या बयानात सांगावं की घबराट हा आजार आहे आणि इलाज करणं सुन्नतच्या विरोधात नाही. नातेवाइकांनी नजर उतरवायची तर उतरवावी, पण त्याच दिवशी दवाखान्याचा नंबरही लावावा.

आणि ज्यांचं मांस उडतंय, ज्यांनी हे वाचता वाचता आपली पोटरी चाचपली असेल, त्यांनी तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. मला जे होतंय त्याला काय म्हणतात? तो मोठा आजार नाही हे तुम्ही कशावरून ठरवलं? कोणती खूण दिसली तर मी परत यावं? तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. बाहेरची रांग ओरडली तर ओरडू द्या. त्या रांगेतही तेच तीन प्रश्न घेऊन कुणीतरी बसलेलं असेल.